कॉइलओव्हर बसवण्याआधी चाल मोजा

बेळगावात उद्यमबागेतल्या गॅरेजात कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन, बसवलेली गाडी जॅकवरून खाली उतरली, की जमलेली पोरं आधी टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघतात. चार बोटं गेली तर तोंडं पडतात, एक गेलं तर वाहवा. माझी जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा मीही बोटंच घातली होती. दीड बोट. पुढच्याच रविवारी जांबोटीवरून गोव्याला निघालो. गाडीत चौघं, डिकीत सामान. कणकुंबीच्या अलीकडे रस्त्याला एक झोल आहे, वेगात दिसत नाही. गाडी त्यात उतरली, वर आली आणि मागून असा धाडकन आवाज झाला की आईनं विचारलं, "काय तुटलं रे?"

तुटलं काहीच नव्हतं. मागच्या चाकाची चाल संपली होती, एवढंच. चाल म्हणजे चाकाला वर-खाली सरकायला मिळणारी जागा. या लेखात कॉइलओव्हरबद्दल बरंच काही येईल, पण सगळं फिरून या एका शब्दाशी येतं, म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

सस्पेन्शनचं काम समजायला हंगामात चिकोडी-संकेश्वर रस्त्यावर जाणाऱ्या उसाच्या बैलगाडीकडे बघा. चाकाखाली दगड आला की अख्खी गाडी उचलली जाते, कारण चाक आणि साटा यांच्यामध्ये काहीच नाही. आता मध्ये स्प्रिंग घातली असं समजा. दगड आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते, गाडी जवळपास जागेवर राहते. पण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद कुठं तरी जायला हवी. ती गाडीला वर ढकलते, मग गाडी खाली येते, पुन्हा वर जाते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी झोपाळ्यासारखी डुलत राहील. हे डुलणं मारायचं काम शॉकअब्सॉर्बरचं. आपल्याकडे सगळे त्याला शॉकअप म्हणतात, मीही तेच म्हणतो.

शॉकअप कसा काम करतो ते सायकलच्या पंपावरून लगेच कळतं. पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबा. सावकाश दाबला तर हवा फटीतून निघून जाते, जोरात दाबला तर दांडा अडतो. शॉकअपमध्ये हवेच्या जागी तेल असतं आणि बोटाच्या जागी बारीक भोकं आणि पातळ पोलादी चकत्या. चाक सावकाश हललं तर तेल सहज जातं, झटक्यानं हललं तर तेल अडवतं. स्प्रिंगनं साठवलेली ताकद अशी तेलात जिरते आणि तिची उष्णता होते. चोर्ला घाटाचा खराब पट्टा पार करून थांबलात आणि चाक काढून शॉकअपला हात लावलात तर तो कोमट लागेल. गाडी वजन पेलते ते स्प्रिंगवर, शॉकअपवर नाही. हा फरक पक्का डोक्यात असला की अर्धे गैरसमज होतच नाहीत.

आता कॉइलओव्हर. नावाचा अर्थ साधा आहे: शॉकअपच्या अंगाभोवती बसवलेली गुंडाळी स्प्रिंग. पण मग तुमच्या गाडीत पुढच्या बाजूला कंपनीतूनच तसं असतं की. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९४०च्या दशकात ही रचना सुटसुटीत करून मांडली. त्याच्या नावाचा स्ट्रट आज बहुतेक सगळ्या सेडानना पुढं असतो, आणि त्यात स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसते. मग वेगळं विकत काय घेतो आपण? आटे. बाजारातल्या कॉइलओव्हरच्या नळीवर बाहेरून बोल्टसारखे आटे पाडलेले असतात, त्यावर एक कॉलर फिरते आणि त्या कॉलरवर स्प्रिंग बसते. कॉलर खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की गाडी वर. खाली लॉकची दुसरी कॉलर असते. शिवाय स्प्रिंग जास्त कडक असते आणि शॉकअप तिला जुळेल असा केलेला असतो. बऱ्याच किटमध्ये शॉकअपचा कडकपणाही एका खुंटीनं बदलता येतो.

मागच्या बाजूला मात्र नावावर जाऊ नका. फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाविया यांना मागं आडवा बीम आहे, व्हीआरएसला अनेक दांड्यांची स्वतंत्र रचना आहे. पण दोन्हीकडे स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजलाही मागं तसंच. म्हणजे या गाड्यांच्या किटमध्ये मागं खरा कॉइलओव्हर नसतोच. वेगळी स्प्रिंग, तिच्याखाली किंवा वर आट्यांची बैठक, आणि सुटा शॉकअप. खोकं उघडल्यावर "मागचे दोन अर्धवट आलेत" म्हणून दुकानदाराला फोन केलेले लोक मला माहीत आहेत. ते बरोबर आलेले असतात.

आकडा काय सांगतो

किटवर ६के, ५के असे आकडे असतात. त्याचा अर्थ किलो प्रति मिलिमीटर. ५के स्प्रिंगवर ५ किलो ठेवलं की ती १ मिमी दबते, ५० किलो ठेवलं की १० मिमी. रॉबर्ट हुकनं हा नियम १६७८ साली छापला. बाजारात लटकणारा स्प्रिंगचा काटा त्याच नियमावर चालतो.

समजा तुमच्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्याचं चाकाच्या वरचं वजन ३५० किलो आहे आणि कंपनीची स्प्रिंग २.५के आहे. गाडी उभी असताना ती १४० मिमी दबलेली असेल. अशा गाडीला बोनेटवर दाबून सोडलं आणि शॉकअप नसता, तर ती सेकंदाला साधारण १.३ हेलकावे खाईल. स्प्रिंग ५के केली तर ती ७० मिमीच दबते आणि हेलकावे होतात १.९. सेकंदाला एक ते दीड हेलकावे म्हणजे पोटातलं पाणी न हलणारी गाडी. दोनच्या आसपास गेलं की रस्त्यावरचा प्रत्येक जोड पाठीला कळतो. ट्रॅकवरच्या गाड्या त्याच्याही पुढं जातात, कारण तिथला रस्ता गुळगुळीत असतो. खानापूरचा तसा नसतो.

स्प्रिंग कडक कशानं होते? तारेची जाडी, वेटोळ्याची रुंदी आणि वेटोळ्यांची संख्या. यात जाडीचा हिशेब विलक्षण आहे: कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिमीची तार १३ मिमी केली, म्हणजे अर्ध्या सुताहूनही कमी फरक केला, की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. लेथवर काम केलेल्या माणसाला मी हे सांगितलं तर तो वही काढून पडताळून बघतो, आणि बघावंच. म्हणूनच दिसायला सारख्या दोन स्प्रिंगा वागायला एकदम वेगळ्या असू शकतात.

याच हिशेबावरून स्प्रिंग कापण्याबद्दलही बोलायला हवं, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत हा प्रकार अजून चालतो. ग्राइंडरनं एक वेटोळं उडवायचं, दोनशे-तीनशे रुपयांत गाडी खाली. सहापैकी एक वेटोळं गेलं की स्प्रिंग फक्त वीस टक्के कडक होते, पण गाडी बरीच जास्त खाली बसते. म्हणजे चाल भरपूर गेली आणि तिची भरपाई जवळपास काहीच झाली नाही. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळलं की सैल झालेली स्प्रिंग जागा सोडू शकते. ही गोष्ट मी कुणालाही, कितीही पैसे वाचत असले तरी, करू देणार नाही.

मागच्या स्प्रिंगचा आकडा वाचताना अजून एक धरा. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, किती जोर लागतो. मागची स्प्रिंग दांड्यावर चाकापासून आत, बिजागरीच्या बाजूला बसलेली असते. ती चाकाच्या ०.७ पट हलत असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७ गुणिले ०.७, म्हणजे निम्म्याहून जरा कमी. त्यामुळे पुढं ५के आणि मागं ८के असं किट आलं तर ती चूक नाही. चाकापाशी दोन्ही जवळपास एकाच पातळीवर येतात.

किती खाली घ्यावी

आता कणकुंबीच्या त्या आवाजाचा हिशेब करू. समजा कंपनीच्या मांडणीत गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८५ मिमी जागा आहे, त्यानंतर रबराचा बंप स्टॉप लागतो. मी गाडी ४० मिमी खाली घेतली. उरले ४५. मागं दोघं आणि डिकीत सामान म्हणून एका चाकावर ७५ किलो वाढले. कडक स्प्रिंगवर त्यानं आणखी १५ मिमी गेले. उरले ३०. तीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं जास्त. त्या झोलात गाडी उतरली तेव्हा तिला त्याहून कितीतरी जास्त जागा हवी होती. रबर दबलं, मग लोखंडाला लोखंड लागावं तसा आवाज आला.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. कडक स्प्रिंगला तेवढाच धक्का पचवायला कमी जागा पुरते. स्प्रिंग दुप्पट कडक केली की तोच धक्का साधारण ७१ टक्के चालीत जिरतो. ८५ मिमीचं काम ६० मिमीत होतं. म्हणजे दुप्पट कडक स्प्रिंग घेतलीत तर २५ मिमी खाली घेण्याचा हक्क तुम्ही विकत घेतलात. दीडपट घेतलीत तर ८५चं काम ६९ मिमीत होतं, हक्क १५-१६ मिमीचा. त्यापुढं खाली घेतलेला प्रत्येक मिलिमीटर उधारीचा आहे, आणि ती उधारी पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरून झाकला गेला की वसूल होते.

किट बनवणारे यावर एक उपाय करतात: शॉकअपची नळीच आखूड करतात, म्हणजे खाली बसलेल्या गाडीतही शॉकअपच्या आत चाल शिल्लक राहते. काही किटमध्ये खालची बैठकसुद्धा आट्यांवर फिरते, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलता येते आणि दांड्याची चाल तशीच राहते. पण शॉकअपच्या आतली चाल म्हणजे सगळी चाल नव्हे. चाक वर जाताना टायर आतल्या प्लास्टिकला लागणार, ॲक्सल चौकटीला लागणार, इंजिनाखालचं कवच हंपाला लागणार. व्हर्टस आणि स्लावियाची जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीला १७९ मिमी सांगितली जाते. त्यातले ४० काढले तर १३९ उरतात, आणि त्यात अजून माणसं बसायची आहेत. आपल्या गावागावांच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेले हंप कुठल्या मापात बसत नाहीत हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको.

माझी गाडी आता कंपनीच्या उंचीपेक्षा पुढं १८ आणि मागं १५ मिमी खाली आहे. फटीत तीन बोटं जातात. पोरं नाराज होतात, पण चोर्ल्याच्या वळणांत गाडी आधीसारखी कलंडत नाही, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालत नाही आणि मागं बसलेली आई झोपते. मला कॉइलओव्हरकडून हेच हवं होतं, आणि हे सगळं स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीतून आलं. उंचीचा त्यात वाटा थोडा आहे.

खुंटीचे टिकटिक

शॉकअपच्या टोकाला फिरवायची खुंटी असते, फिरवली की टिक टिक वाजते. ती तेलाची वाट लहान-मोठी करते. केडब्ल्यू कंपनीच्या किटांवरून हा फरक चांगला समजतो: व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये उंची आणि परतीचा जोर, व्ही३ मध्ये उंची, परत आणि दाब तिन्ही. बिलस्टीनच्या बी१४ला खुंटीच नाही, कंपनीनं ठरवलेला जोर कायम. बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेला ३० टिक आहेत, पण एकाच खुंटीनं दाब आणि परत दोन्ही एकदम बदलतात. जास्त टिक म्हणजे जास्त चांगला शॉकअप असं काही नाही. नीट जुळवलेला बिनखुंटीचा शॉकअप मला तीस टिकांच्या स्वस्त शॉकअपपेक्षा केव्हाही चालेल.

परत म्हणजे काय ते महत्त्वाचं. चाक वर गेल्यावर स्प्रिंग त्याला पुन्हा खाली ढकलते, त्या वेळी शॉकअप जो अडथळा करतो तो परतीचा जोर. हा फार कमी असेल तर गाडी डुलत राहते. फार जास्त असेल तर एक फसवं दुखणं होतं: पहिल्या खड्ड्यातून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी पायरी-पायरीनं खाली खाली बसत जाते. शेवटी चाल संपते. आपण म्हणतो "स्प्रिंग मऊ पडली" आणि खुंटी अजून कडक करतो, त्यानं ते आणखी बिघडतं. खराब रस्त्यावर गाडी सलग आदळायला लागली तर आधी दोन टिक सैल करून बघा.

नुसत्या कडक स्प्रिंगा घालून जुने शॉकअप ठेवणं का चुकीचं, तेही इथंच कळतं. स्प्रिंग दुप्पट कडक झाली की तिला आवरायला शॉकअपचा जोर सुमारे १.४ पट लागतो. कंपनीच्या शॉकअपमध्ये तो नसतो. एक लाख किलोमीटर चाललेल्या शॉकअपमध्ये तर मूळचाही उरलेला नसतो.

आणि प्रीलोडचा गैरसमज. "कॉलर वर फिरव, स्प्रिंग आवळ, गाडी कडक होईल" असं सर्रास ऐकू येतं. होत नाही. ५के स्प्रिंग बसवतानाच १० मिमी आवळली, म्हणजे तिच्यात ५० किलोचा जोर आधीच भरला. पण गाडीचं वजन ३५० किलो आहे, त्यामुळे उभ्या गाडीत स्प्रिंग एकूण ७० मिमीच दबणार, आवळा किंवा न आवळा. फरक एवढाच की त्यातले १० आधी दबलेले असल्यामुळे गाडी १० मिमी वर उभी राहते आणि चाकाला खाली लोंबायला १० मिमी कमी मिळतात. पुढचा प्रत्येक मिलिमीटर अजूनही ५ किलोच मागतो. गाडी कडक करायची असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

बसवताना

काम सुरू करायच्या आधी गाडी सपाट जागी लावून चारही चाकांची उंची मोजा. माप चाकाच्या मधल्या बिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलंत तर टायरमधली हवा त्यात मिसळते. हे चार आकडे कागदावर लिहून ठेवा, नंतर त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, चारही बाजूंना घोड्या (जॅकस्टँड) लावायच्या. चाक काढल्यावर लिंक रॉड सुटा करा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर त्यांच्या क्लिपांतून सोडवा. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, नुसता लोंबू देऊ नका, खालून आधार द्या, नाहीतर ॲक्सलचा आतला जॉइंट ओढला जातो. होंडा सिटी किंवा वर्नाला स्ट्रट नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला, दोन बोल्टांनी धरलेला असतो, तिथं काम सोपं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत नकलच्या चिमट्यात स्ट्रट घट्ट बसतो. तो चिमटा उघडायला खास पाना मिळतो. छिन्नी ठोकून उघडणारे मी बघितलेत, तडा गेलेला नकलही बघितलाय.

जुन्या स्ट्रटमधून वरचं माउंट काढायचं असेल तेव्हा स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचाच नाही. त्या स्प्रिंगमध्ये माणूस जखमी करण्याइतकी ताकद भरलेली असते. कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर, सारखे आवळायचे, आणि स्प्रिंगचं तोंड कुणाच्याही दिशेला ठेवायचं नाही. घरच्या अंगणात पहिल्यांदाच करत असाल तर एवढा भाग गॅरेजात करून आणा. माउंट आणि त्यातलं बेअरिंग जुनं असेल तर याच वेळी नवं घाला, पुन्हा सगळं उघडायची मजुरी त्याच्या किमतीपेक्षा जास्त होते.

नव्या कॉइलओव्हरचा वरचा नट हातानं आवळायचा, दांडा ऍलन कीनं धरून. हवेची गन लावली की दांडा आत गरगर फिरतो आणि तेलाचं सील पहिल्याच दिवशी खराब होऊ शकतं. कंपनीनं एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट नवेच घ्यायचे, आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे.

माझं पहिलं काम ज्या गॅरेजात झालं तिथं एक चूक झाली, आणि ती इतकी सर्रास होते की सविस्तर सांगतो. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या दांड्यांचे बोल्ट त्यांनी गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असतानाच पूर्ण आवळले. आठ महिन्यांत मागचे दोन बुश (दांड्यांच्या सांध्यातली रबरं) फाटले, गाडी हंपावर कुरकुरायला लागली. नंतर वडगावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बुश हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "वर असताना आवळलेत की हे. गाडी खाली सोडायची, मग आवळायचं. रबर पिळून बसलंय बघ."

म्हटलं, "मामा, पण बोल्ट तर तोच, आवळा तोच."

"बोल्ट तोच रे, रबर तसं नव्हं."

बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, फक्त पिळलं जातं. चाक लोंबत असताना आवळलं तर रबराची "सरळ" जागा ती ठरते, आणि गाडी खाली उतरल्यापासून ते चोवीस तास पिळलेलं राहतं. त्यातून उंचीही खोटी दिसते, कारण पिळलेलं रबर गाडीला थोडं वर धरतं. म्हणून हे बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा हब जॅकनं उचलून चालत्या उंचीला आणायचा, आणि मगच शेवटचा आवळा. हे एक वाक्य गॅरेजात सांगायला लाजू नका.

उंची लावताना डाव्या-उजव्या बाजूला कॉलरखाली उरलेले आटे मोजून सारखे ठेवा, मग कमानीचं माप बघा. एकच कोपरा उगाच वर फिरवला तर गाडी एका पायानं आखूड झालेल्या टेबलासारखी होते. डुगडुगत नाही, कारण स्प्रिंगा आहेत, पण वजन तिरक्या रेषेतल्या दोन चाकांवर (एक पुढचं, त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं) जास्त पडतं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते कळतं.

मग ५०-१०० किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बैठकीत बसू द्या, पुन्हा मोजा, आणि त्यानंतर अलाइनमेंट. आधी केलेल्या अलाइनमेंटचे पैसे फुकट जातात, कारण उंची बदलली की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाकाचं डोकं आत-बाहेर कललेलं असणं) दोन्ही बदलतात. टायर झिजवतो तो मुख्यतः टो. कॅम्बर उणे एक ते दीड अंशात असेल तर रोजच्या गाडीला काही त्रास नाही. हेडलाइटची दिशाही बघून घ्या. पुढून मागून सारखी खाली आली नसेल तर उजेड एक तर समोरच्याच्या डोळ्यात जातो किंवा पायाशी पडतो, आणि धुक्यातल्या चोर्ल्यात दोन्ही वाईट.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. केए २२ची, म्हणजे बेळगावात नोंदलेली गाडी दर महिन्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात जाते, त्यामुळे हा प्रश्न फक्त आपल्या आरटीओपुरता राहत नाही. किट घेण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, सस्पेन्शनच्या भागांवरची वॉरंटी जाईल असं धरूनच चाला. कंपनीचे मूळ स्ट्रट आणि स्प्रिंगा भंगारात घालू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

राहिला पाऊस. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने लाल चिखल उडतो आणि तो आट्यांत जाऊन सुकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या आट्यांवर दोन पावसाळ्यांत कॉलर अडकते, मग तिला हातोडीशिवाय हलवता येत नाही. स्टेनलेस स्टीलच्या नळीचं किट महाग पडतं, पण आपल्या भागात मी पैसे तिथंच घालीन आणि टिकांच्या संख्येत वाचवीन. किट कुठलंही असो, मृगाच्या आधी चाकं काढून आटे तारेच्या नव्हे, दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुवा, वाळू द्या, वर मेणाचा फवारा मारा. ग्रीस लावू नका, ते चिखल धरून ठेवतं. दसऱ्याला गाडी धुताना पुन्हा तेच करा, आणि त्या वेळी कॉलर एक वेढा खाली, एक वेढा वर फिरवून परत मूळ खुणेवर आणा. खूण पांढऱ्या रंगानं आधीच केलेली असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.